आधी घरातलं मोजा, मग विमा घ्या

परळला केईएमच्या फाटकापासून दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे चाललं, तरी आपल्या देशात आजारपणाचा खर्च कोण कोण उचलतं ते बघायला मिळतं. केईएम महापालिकेचं. १९२६ पासून इथे केसपेपर काढून माणसं आत जातात आणि खर्चाचा मोठा वाटा शहर उचलतं. त्याला लागून वाडिया ट्रस्टची बाळंतपणाची आणि लहान मुलांची रुग्णालयं. पलीकडे टाटा मेमोरियल. टाटांच्या विश्वस्तनिधीने १९४१ मध्ये ते उभारलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गांत नोंदणी होते. जरा पुढे गेलं की कामगार विमा योजनेचं एमजीएम, जुन्या माणसांच्या तोंडी ‘गांधी हॉस्पिटल’. आणि डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्यावर मोठं खासगी रुग्णालय. तिथे दाखल होताना पहिला प्रश्न येतो: पॉलिसी कोणती, कार्ड आणलंय का?

एकाच आजाराचं बिल या पाच ठिकाणी पाच प्रकारे भागतं. म्हणून आरोग्य विम्याची निवड ‘कुठली कंपनी चांगली?’ या प्रश्नापासून सुरू करू नये. पहिला प्रश्न असा: आपल्या घराला आजच, एकही नवा रुपया न भरता, कोणकोणतं संरक्षण आहे? ते कुठे चालतं, किती रकमेपर्यंत चालतं आणि कोणत्या दिवशी संपतं? हे कागदावर लिहिलं की मूळ पॉलिसी किती रकमेची हवी ते कळतं. मूळ पॉलिसी ठरली की वरची पूरक पॉलिसी किती लागेल तेही कळतं. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि ऐन वेळी हातात काही राहत नाही.

गिरणगावाचा पहिला विमा

आरोग्य विमा ही हल्लीची, कॉर्पोरेट गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. लालबाग-परळच्या घरांत मात्र तो दोन पिढ्यांपूर्वीच आला होता. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं. १९४४ च्या अहवालात त्यांनी सुरुवात कोणत्या उद्योगांपासून करावी तेही सांगितलं: कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू. जर्मनीने १८८३ मध्येच कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा सुरू केला होता. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची, आणि आजारी पडेल त्याला त्यातून उपचार व पगाराचा काही भाग मिळायचा, हे त्याचं तत्त्व. अदारकरांनी ते इथल्या गिरण्यांच्या परिस्थितीत बसवलं. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

या योजनेची मोठी गोष्ट अशी, की त्यात वय किंवा आधीचा आजार विचारून कोणाला बाहेर ठेवलं जात नाही. तरुण कामगार आणि मधुमेही कामगार पगाराच्या एकाच टक्केवारीने भरतात. दुबळी बाजूही तशीच ठळक आहे: हक्क नोकरीला बांधलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. पगार थांबला तशी वर्गणी थांबली, आणि वर्गणीबरोबर घराचं आरोग्य संरक्षणही गेलं. नोकरीतून मिळालेला विमा नोकरीबरोबर जातो, हा धडा गिरणगावाने फार महाग किंमत देऊन घेतला. आज प्रभादेवी-लोअर परळच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या मुलांनाही तो तितकाच लागू आहे.

त्याच दशकात, १९८६ मध्ये, चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ बाजारात आणली. हे पॉलिसीचं नाव आपल्याकडे इतकं रुजलं की आजही कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला लोक मेडिक्लेमच म्हणतात. इथे मात्र हिशेब बदलला. हप्ता वयावर आणि तब्येतीवर ठरू लागला आणि अर्ज नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे आला.

सगळीकडे असं नसतं. नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूळ आरोग्य विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. त्यात काय मिळेल ते सरकार ठरवतं आणि कोणत्याही विमा कंपनीला अर्जदाराला नकार देता येत नाही. दातांचे उपचार, जादा फिजिओथेरपी अशा गोष्टींसाठीचा पूरक विमा ऐच्छिक असतो आणि तिथे कंपनी नाही म्हणू शकते. स्वित्झर्लंडमध्येही १९९६ पासून साधारण अशीच विभागणी आहे. आपल्याकडे मूळ पॉलिसीसाठीच नकार येऊ शकतो. म्हणून आपण ती कोणत्या वयात आणि कोणत्या तब्येतीत मागतो, याला इतकं महत्त्व येतं.

आधी मोजदाद

कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावासमोर खालच्यापैकी काय लागू आहे ते लिहा.

पहिलं, ईएसआय, म्हणजे वर सांगितलेली कर्मचारी राज्य विमा योजना. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू आहे. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. दादरच्या दुकानांत, छोट्या छापखान्यांत, सिक्युरिटी एजन्सीत काम करणारे अनेकजण हे पैसे कापले गेलेले पगाराच्या स्लिपवर बघतात आणि कार्ड मात्र कधी काढत नाहीत. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्तीच्या वयाला नोकरी सोडली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात.

दुसरं, सरकारी योजना. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, मुंबई त्यातच होती. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पूर्वी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती आणि दीड लाखापर्यंत होती. २०२४ पासून ती शिधापत्रिकेचा रंग न बघता सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत गेली. पांढरं कार्ड आहे म्हणून ‘आपल्याला काही मिळत नाही’ असं धरून बसलेल्या गिरगावातल्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. योजनेला तीन मर्यादा आहेत. रुग्णालय तिच्या यादीत असावं लागतं, उपचार तिच्या यादीत असावा लागतो आणि संरक्षण मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना असतं. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे आणि यादीतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. डिपॉझिट भरण्याआधी त्याला भेटा.

तिसरं, घरातली ७० वर्षांवरची माणसं. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वय वंदना कार्ड काढता येतं. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. घरात असे आजी-आजोबा दोघंही असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून असतात. खासगी मेडिक्लेम असली तरी हे कार्ड मिळतं.

चौथं, नोकरीतली सोय. रेल्वे, महापालिका, बंदर, केंद्र आणि राज्य सरकार यांची आपापली व्यवस्था आहे. निवृत्तीनंतर त्यातलं काय चालू राहतं ते लेखी विचारून ठेवा. खासगी ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून तिचा कागद मागवा: रक्कम किती, आईवडील आहेत का, त्यांच्या खर्चात आपला वाटा किती.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागाची. गावाहून काका किंवा मावशी ‘टाटात दाखवायला’ येतात आणि मुक्काम लालबागच्या खोलीत पडतो. आपल्या फॅमिली पॉलिसीत ही माणसं सहसा बसत नाहीत, पण त्यांच्या गावच्या शिधापत्रिकेवर राज्याची योजना त्यांना लागू होते. कोकणातून निघतानाच शिधापत्रिका, आधार आणि आधीचे रिपोर्ट सोबत घ्यायला सांगा. इथे आल्यावर कागदांसाठी माघारी धावण्यात उपचाराचे दिवस जातात.

मूळ पॉलिसी

मोजदाद झाल्यावर बहुतेक घरांत दोन उणिवा दिसतात. सरकारी योजना आपल्याला हव्या त्या रुग्णालयात चालेलच असं नाही आणि ऑफिसची पॉलिसी नोकरीपुरती आहे. या दोन्ही भरून काढणारी, स्वतःच्या नावावरची, आयुष्यभर नूतनीकरण होणारी पॉलिसी म्हणजे मूळ पॉलिसी. एजंट तिला ‘बेस’ म्हणतात.

तुलनेला सुरुवात कुठून करायची? १ एप्रिल २०२० पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली. अटी सगळीकडे त्याच, फक्त हप्ता वेगळा. खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, आयसीयूला ५ टक्के आणि जास्तीत जास्त १०,०००, प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा आपला, दाखल होण्याआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च सामील. दुसरी कोणतीही पॉलिसी हातात आली की ती या अटींशेजारी ठेवून वाचा. हप्ता जास्त असेल तर त्याबदल्यात कोणती मर्यादा सुटते आहे, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

सगळ्यांत जास्त घरांना फटका बसतो तो खोलीच्या भाड्याच्या अटीमुळे, म्हणून तिचा हिशेब नीट पाहू. समजा पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि आपण १०,००० ची सिंगल रूम घेतली. मुक्काम पाच दिवसांचा. बिल असं आलं: खोली ५०,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून २,००,०००, औषधं आणि तपासण्या ६०,०००, आत बसवलेलं इम्प्लांट ४०,०००. एकूण साडेतीन लाख. घरच्यांचा अंदाज असतो की भाड्याचे वरचे २५,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. पण खोली मर्यादेच्या दुप्पट महाग असली की खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे खर्चही निम्मेच मंजूर होतात. भाड्याचे २५,००० मिळाले, डॉक्टर-थिएटरच्या दोन लाखांतले एकच लाख मिळाले. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावता येत नाही, म्हणून ते एक लाख पूर्ण मिळाले. कंपनीने दिले सव्वादोन लाख आणि आपल्या खिशातून गेले सव्वा लाख. तेच ट्विन शेअरिंगच्या ५,००० च्या खोलीत राहिलो असतो तर ही कपात झालीच नसती. म्हणून शक्य असेल तर भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. मर्यादा असेल तर दाखल होताना टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याच्या काउंटरवर, आधी विचारा: माझ्या पॉलिसीत कोणती खोली बसते? हा प्रश्न घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवा.

दुसरी अट प्रतीक्षा काळाची. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, सांधेबदल अशा ठरावीक आजारांना आणि आधीपासून असलेल्या आजारांना कंपनी थांबायला लावते. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ही तीन वर्षं निरोगी असताना सरली की पुढचं सोपं होतं. पन्नाशीत शुगर निघाल्यावर घेतलेली पॉलिसी बेचाळिशीत घेतली असती तर तिचा प्रतीक्षा काळ कधीच उलटून गेला असता.

रक्कम किती असावी? आपण खरोखर ज्या रुग्णालयात जाऊ, तिथे बायपास किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च खोलीच्या वर्गाप्रमाणे विचारा. दक्षिण आणि मध्य मुंबईत राहणाऱ्या, खासगी रुग्णालयात जाण्याची शक्यता असलेल्या कुटुंबासाठी ५ ते १० लाखांची मूळ पॉलिसी ही मला सुरुवातीची योग्य रक्कम वाटते. त्यावरचा भार पूरक पॉलिसीवर टाकावा, कारण तिथे तो स्वस्त पडतो.

एक पथ्य पाळा. नवरा-बायको आणि मुलं यांची एकत्र पॉलिसी, म्हणजे फ्लोटर, ठीक, पण आईवडिलांना त्यात घालू नका. फ्लोटरचा हप्ता सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका मोठ्या दाव्याने मुलांसाठीची रक्कमही संपते. त्यांची पॉलिसी वेगळी.

पूरक विमा: काय घ्यावं, काय थांबू शकतं

पूरक विम्यात पहिला मान सुपर टॉप-अपचा. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ही पॉलिसी उचलत नाही, त्यावरचा उचलते. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. छोटे दावे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून मोठ्या रकमेचं संरक्षण कमी हप्त्यात मिळतं.

साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गफलत होऊ देऊ नका. समजा मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे आणि वरची २० लाखांची, डिडक्टिबल ५ लाख. एकाच वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं, दोन्ही वेळा ४ लाख खर्च आला. साधा टॉप-अप प्रत्येक वेळचा खर्च वेगळा मोजतो. चार लाख पाचाच्या आत आहेत, म्हणून दोन्ही वेळा तो काहीच देत नाही. मूळ पॉलिसीचे ५ लाख संपतात आणि ३ लाख घरातून जातात. सुपर टॉप-अप वर्षभराचा खर्च एकत्र मोजतो. ८ लाखांतले ५ लाख मूळ पॉलिसी देते, उरलेले ३ लाख तो देतो. किमोथेरपीसारख्या, पुन्हापुन्हा दाखल व्हावं लागणाऱ्या उपचारांत हा फरक घर वाचवणारा ठरतो. कागदावर ‘सुपर’ शब्द आहे का आणि डिडक्टिबल वर्षभराच्या एकत्रित खर्चाला लावलं आहे का, दोन्ही तपासा.

डिडक्टिबलपर्यंतचे पैसे ऑफिसच्या पॉलिसीने दिले की आपण खिशातून, याने सहसा फरक पडत नाही. बिलं जपून ठेवायची एवढंच. म्हणून ऑफिसच्या ५ लाखांवर फक्त सुपर टॉप-अप घेण्याचा मार्ग काहीजण निवडतात. नोकरीत असेपर्यंत तो चालतो. नोकरी गेली की खालचे ५ लाख उघडे पडतात आणि त्या वयात मूळ पॉलिसी मिळवणं कठीण जातं. सुपर टॉप-अपलाही स्वतःचा प्रतीक्षा काळ असतो. तोही तब्येत ठणठणीत असतानाच सुरू होऊ द्या.

त्यानंतर वैयक्तिक अपघात विमा. टॅक्सी चालवणारा, दादरच्या बाजारात गाळा चालवणारा, फिरतीची नोकरी करणारा यांचं घर त्यांच्या हातापायांवर चालतं. मेडिक्लेम रुग्णालयाचं बिल भरते. अपंगत्वामुळे थांबलेली कमाई ती देत नाही, ती अपघात विमा देतो. त्यामागून गंभीर आजाराची पॉलिसी. यादीतला आजार ठरलेल्या व्याख्येप्रमाणे निघाला की बिल कितीही असो, ठरलेली रक्कम एकदम हातात येते. कॅन्सरच्या उपचारात बिनपगारी रजा, मुलांच्या फीया, घरभाडं हे सगळं चालूच राहतं, त्याला ही रक्कम उपयोगी पडते. मात्र आजाराची व्याख्या आणि निदानानंतर किती दिवस रुग्ण हयात असावा लागतो ती अट वाचूनच सही करा.

रुग्णालयातल्या प्रत्येक दिवसाला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी, ओपीडीचं पॅकेज, बाळंतपणाचा रायडर ही मंडळी शेवटी. त्यांचा हप्ता छोटा असल्यामुळे त्या पटकन विकल्या जातात आणि ‘विमा आहे’ असं समाधान देतात. दिवसाला हजार-दोन हजार देणारी पॉलिसी आहे आणि मूळ पॉलिसी नाही, अशा घराला मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा आधार फारच तोकडा पडतो. हातमोजे, सिरिंज, मास्क अशा बिलातल्या ‘नॉन-पेएबल’ गोष्टींसाठी मिळणारा रायडर मात्र मूळ पॉलिसीला जोडून घेण्यासारखा असतो.

लालबागचं एक घर

हे सगळं एका घरात बसवून पाहू. समजा नवरा ४६ वर्षांचा, खासगी ऑफिसात, पगार ईएसआयच्या मर्यादेच्या वर. ऑफिसची पॉलिसी ३ लाखांची, त्यात नवरा-बायको आणि मुलगी. बायको ४३ ची, घरून शिवणकाम करते. मुलगी १७ ची. आई ७२ ची, तिला रक्तदाब आणि शुगर.

मोजदाद: राज्याची योजना कुटुंबाला लागू आहे, आईला वय वंदना कार्ड काढता येतं, ऑफिसचे ३ लाख नोकरीपुरते. आईचं कार्ड याच आठवड्यात काढायचं, त्याला पैसे लागत नाहीत. मग तिघांची ५ लाखांची फ्लोटर स्वतःच्या नावावर आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबलचा २० लाखांचा सुपर टॉप-अप. हाताशी पैसे उरले तर नवऱ्याचा अपघात विमा, कारण घर त्याच्या पगारावर चालतं. बायकोची कमाईही घराला लागते, तिचाही काढावा.

आईचं काय? २०२४ च्या नियमांनी प्रवेशाच्या वयाची कमाल अट काढली, म्हणून तिच्यासाठी पॉलिसी मागता येईल. पण हप्ता मोठा असेल, बिलातला वाटा आपल्यालाही उचलावा लागेल आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. परवडत असेल तर घ्यावी. परवडत नसेल तर वय वंदना, केईएम आणि दर महिन्याला बाजूला टाकलेली रक्कम, ही आईची व्यवस्था. त्यात कमीपणा काहीच नाही. आईच्या हप्त्यासाठी तिघांची मूळ पॉलिसी सोडणं मात्र साऱ्या घराला धोक्यात घालणारं आहे.

नवऱ्याने नोकरी सोडायच्या किंवा निवृत्तीच्या आधी ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विचारावी. ती आपोआप होत नाही, मुदतीत अर्ज करून मागावी लागते.

अर्ज आणि हप्ता

फॉर्म स्वतः वाचून भरा. रक्तदाबाची गोळी चालू आहे, दहा वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, सगळं लिहा. ‘काही सांगू नका, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही’ हा सल्ला आजही दिला जातो. नियम असा आहे की सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर येतो. आणि पहिल्या पाच वर्षांत आजार आला तर काय? लपवलेल्या एका गोळीमुळे भरलेले सगळे हप्ते वाया जातात.

पॉलिसीबरोबर दोन-तीन पानांचं ग्राहक माहितीपत्रक येतं. भाड्याची मर्यादा, प्रतीक्षा काळ, आपला वाटा आणि वगळलेले उपचार त्यात सोप्या भाषेत लिहिलेले असतात. नवी पॉलिसी पसंत पडली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. कंपनी बदलायची असेल तर त्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा, म्हणजे आधी काढलेली प्रतीक्षा वाया जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे. २०,००० च्या हप्त्यावर पूर्वी ३,६०० रुपये कर पडायचा. वाचलेल्या या पैशात सुपर टॉप-अपच्या हप्त्याचा बराचसा भाग निघू शकतो. हप्त्यावरची आयकर सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. निव्वळ कर वाचवायला विमा घेऊ नका.

दावा अडला तर

कॅशलेसची पहिली परवानगी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा २०२४ चा नियम आहे. नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, सोबत नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे फी न घेता ऐकल्या जातात आणि वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

विमा नाहीच आणि खर्च आ वासून उभा आहे, अशा वेळीही एक दार आहे. मुंबईतली अनेक मोठी खासगी रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ ‘अअ’ आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि ही सोय हक्काने मागा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

विमा आणि सरकारी रुग्णालय यांतलं एक निवडायचं नसतं. ज्यांच्याकडे २५ लाखांची पॉलिसी आहे त्यांच्यासाठीही केईएम चांगलं चालणं गरजेचं आहे. अपघातात कोण कुठे नेलं जाईल सांगता येत नाही, आणि सरकारी रुग्णालयं दुबळी झाली की खासगी बिलांना धरबंद राहत नाही, मग सगळ्यांचेच हप्ते वाढतात. निरोगी माणसाने आजाऱ्याच्या वाट्याचं उचलावं आणि आजार आहे म्हणून कोणालाही दारातून परत पाठवू नये, ही अदारकरांच्या योजनेची मूळ कल्पना होती. ती नोकरी असलेल्या-नसलेल्या प्रत्येकापर्यंत पोचली पाहिजे, आणि ती मागणी आपण मतदार म्हणून करत राहिली पाहिजे. तोवर आपल्या घराची मोजदाद आपणच करायची: कार्डं काढायची, मूळ पॉलिसी धडधाकट असतानाच घ्यायची, तिच्यावर सुपर टॉप-अप चढवायचा, आणि सगळे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायचं.